मुरूडची मूळ घरे : एका गावाच्या वसाहतीची हकीकत

आपल्या संघाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी कोणत्या ना कोणत्या घराण्याचा वृत्तान्त प्रसिद्ध होत असतो. १४ गोत्रे, परंपरेने सांगितली जाणारी ६० मूळ आडनावे, त्यांच्या पुढे फुटलेल्या शाखा व उपशाखा, कोणी देशावर गेले, कोणी पेशव्यांच्या पदरी राहिले, कोणी बडोद्यास वा इंदुरास स्थायिक झाले, ही सर्व माहिती आपल्या अभ्यासू मंडळींनी मोठ्या चिकाटीने जमविली आहे. ती वाचताना प्रत्येकास समाधान वाटते. तथापि या वंशावळी चाळताना प्रस्तुत लेखकास एक उणीव नेहमी जाणवत आली आहे. घराण्यांचा इतिहास आपण लिहितो. परंतु ती घराणी ज्या घरांत नांदली ती घरे, आणि त्या घरांचे मिळून झालेले गाव, यांचा इतिहास मात्र आपण सहसा लिहीत नाही.

ही उणीव मनास विशेष झोंबण्याचे एक कारण घडले. ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली व मंडणगड तालुक्यांतील किनाऱ्याच्या गावांची त्या एका दिवसात जी दुर्दशा झाली, ती अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिलीच असेल. माड मुळासकट उन्मळले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले पाचोळ्यासारखी उडाली. त्याच तालुक्यातील आमच्या वडिलार्जित घराचे आढे मोडले आणि माळ्यावर ठेवलेली कागदपत्रांची लाकडी पेटी रात्रभर पावसात भिजली. आठ दिवसांनी आम्ही पोचलो तेव्हा आतील मोडी कागदांचा लगदा झाला होता. त्या कागदांत काय लिहिले होते हे आमच्यापैकी कोणासही सांगता येईना. कारण मोडी वाचणारे शेवटचे माणूस म्हणजे आमचे आजोबा, आणि त्यांच्या हयातीत ते कागद वाचवून घेण्याचे कोणासही सुचले नव्हते. शाळेत मुलांना पस्तीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या माणसास स्वतःच्या घराचा इतिहास ठाऊक नसावा, याची त्या दिवशी लाज वाटली.

म्हणून ज्या गावाची मूळ हकीकत सुदैवाने लिहून राहिली, अशा आमच्या शेजारच्या एका गावाविषयी येथे चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे. ते गाव म्हणजे दापोली तालुक्यातील मुरूड. (जंजिऱ्याजवळचे मुरूड ते निराळे.)

गाव वसले कसे

हर्णै बंदराच्या दक्षिणेस, सालदुरे व कर्दे या गावांच्या मध्ये, समुद्राच्या पुळणीलगत मुरूड वसले आहे. या गावाचे भाग्य असे की, त्याच मातीत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३ साली झाला. हायकोर्टाचे नामांकित वकील, कायदेपंडित व 'नेटिव्ह ओपिनियन' पत्राचे संस्थापक म्हणून मंडलिकांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचे एक काम आपल्या लोकांस फारसे ठाऊक नाही. मुरूड हे गाव नव्याने कसे वसविले गेले याची हकीकत सांगणारा एक जुना लेख त्यांनी मिळविला आणि १८६५ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. मोठमोठ्या राजवंशांचे ताम्रपट व शिलालेख ज्या ठिकाणी चर्चिले जात, तेथे कोकणातील एका लहानशा खेड्याच्या वसाहतीचा कागद विद्वानांपुढे ठेवावा, ही कल्पनाच त्या काळी मोठी धाडसाची होती. आपले गाव हाही इतिहासाचा विषय आहे, हे मंडलिकांनी जाणले होते.

गावाची परंपरा अशी सांगते की, चार-पाचशे वर्षांमागे गंगाधरभट्ट नावाचे एक सिद्धपुरुष शिष्यांसह या किनाऱ्यावर आले. त्या वेळी येथे रान माजलेले होते. ते तोडवून त्यांनी वस्ती करविली आणि गावाची मांडणी करून दिली. सिद्धांच्या कथेत श्रद्धेचा भाग किती व इतिहासाचा किती, याचा निवाडा विद्वानांनी करावा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, मुरूडच्या लोकांनी आपले गाव आपोआप उगवले असे कधी मानले नाही. ते कोणी तरी विचारपूर्वक आखले, अशी त्यांची समजूत पिढ्यान्‌पिढ्या कायम राहिली.

आजही त्या किनाऱ्यावरील गावांतून हिंडणाऱ्यास ही आखणी दिसते. किनाऱ्याला समांतर असा गावाचा एक लांब रस्ता; त्याच्या दोन्ही अंगांस घरे; घरामागे आगर. प्रत्येकाच्या वाट्यास रुंदीने थोडी व लांबीने पुष्कळ अशी जमिनीची पट्टी. यात मोठे शहाणपण आहे. वाळूच्या या पट्ट्यात थोडे खणले की गोडे पाणी लागते. ते पाणी, रस्ता, आणि समुद्राच्या वाऱ्यास तोंड देणारी बाजू, या तिन्हींचा हिस्सा अशा मांडणीत प्रत्येक घरास सारखा मिळतो. कोणास नुसते खडक आले आणि कोणास सर्व विहिरी आल्या, असे होत नाही. भातशेती मागच्या सखल भागात, गुरांचे रान डोंगराकडे, आणि सर्वांचे मिळून एक देवस्थान. मुरूडला ते श्रीदुर्गादेवीचे.

घर उभे राहण्यास लागणारा काळ

नवी वसाहत म्हणजे नुसती जागा वाटून घेणे नव्हे. माडाचे रोप लावले तर फळ हाती येण्यास सहा-आठ वर्षे लागतात, आणि पोफळीचेही तसेच. तोपर्यंत खावे काय व सारा भरावा कशातून? यासाठी जुन्या काळी सरकारातून पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल मिळे. पहिली काही वर्षे सारा माफ अथवा नाममात्र, पुढे तो दरवर्षी थोडा थोडा वाढवीत नेऊन पूर्ण दरास आणावयाचा, यास इस्तावा म्हणत. आपल्या पूर्वजांनी रान तोडून बागा केल्या असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरेच आहे. परंतु त्यामागे राज्यकर्त्यांचे वचन, शेजाऱ्यांची साक्ष आणि सात-आठ वर्षे वाट पाहण्याचा धीर, या तिन्ही गोष्टी होत्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिली घरे मोठी नव्हती. जांभ्या दगडाचे जोते, मातीच्या भिंती, आणि वर गवताचे अथवा झापांचे छप्पर, एवढाच थाट असे. पुढे कुंभाराच्या नळ्याच्या कौलांची घरे झाली. आज ज्यांस आपण जुनी कौले म्हणतो ती मंगलोरी कौले खरोखर फार अलीकडची होत. त्यांचा मंगळूर येथील पहिला कारखाना बासल मिशनने १८६५ च्या सुमारास काढला. शंभर इंचांहून अधिक पाऊस सोसणाऱ्या या मुलुखात घराचा सर्व जीव छपरात असतो. म्हणून आढे व तुळया फणस, ऐन, किंजळ अशा टिकाऊ लाकडाच्या, आणि रिपा पोफळीच्या. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, त्यालगत देवघर व स्वयंपाकघर, कडेस बाळंतिणीची खोली, वर माळा, मागे न्हाणी, गोठा, आणि विहिरीवर रहाट. बैल फिरे, रहाटाची गाडगी भरून डोणीत रिती होत आणि पाटाचे पाणी आगरात शेवटच्या पोफळीपर्यंत पोचे. विहीर पुष्कळदा दोन-तीन घरांत सामायिक असे, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. भाऊबंद कितीही भांडोत, पाळी मोडणाऱ्यास गावात कोणी बरे म्हणत नसे.

कुटुंब वाढले की त्याच वाड्यात दुसरे घर उठे. मग त्यांस ओळखावे कसे? कोणी खालचे, कोणी वरचे, कोणी मधल्या घरातले, कोणी विहिरीवरचे, कोणी माडीवाले. आमच्या लहानपणी गावात आडनावाने कोणीच कोणास हाक मारीत नसे. घराच्या ठिकाणावरून मनुष्य ओळखला जाई. आज तसे ठिकाण सांगणारे कोणी उरले नाही. म्हणून वंशावळीतील कोणता पुरुष कोणत्या घरात राहात होता, हेच कळेनासे झाले आहे.

यादीत नसलेली माणसे

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे मला कर्तव्य वाटते. गावची मूळ घरे म्हणताना आपण आपल्या ज्ञातीची घरे मोजतो व थांबतो. परंतु किनाऱ्याचे कोणतेही गाव केवळ भटाभिक्षुकांनी व बागाईतदारांनी वसविलेले नाही. रान तोडणारे हात कुणब्यांचे होते. माडावर चढणारे भंडारी, देवळातील गुरव, नळ्याची कौले थापणारा कुंभार, रहाट घडविणारा सुतार, गावाची सीमा राखणारा व सरकारी टपाल पोचविणारा महार, दूधदुभत्याचा गवळी, मासळी व होड्या सांभाळणारे कोळी व दर्यावर्दी मुसलमान, ही सर्व घरेही त्याच गावाची होत. सीमेच्या तंट्यात तर महाराची साक्ष मोलाची मानीत. कारण शीव कोठून कोठे जाते ते त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसे. आणि गावाची शीव जाणणाऱ्या त्या माणसाचे घर मात्र गावाबाहेर असे, त्यास सामायिक विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नसे. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु वगळल्यास इतिहास खोटा होईल.

खोतीच्या गावांत तर कुळांस आपण कसत असलेल्या जमिनीची व राहत्या घराच्या जागेचीही शाश्वती नसे. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले. त्यांचे बालपणीचे काही दिवस आमच्या दापोलीतच गेले होते हे अनेकांस ठाऊक असेल. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणाऱ्या कुळांस जमिनीचे मालक मानले गेले. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांत या कायद्यांविषयी कडवटपणाने बोलले जाई. आमच्या घरीही बोलले जाई. आज सत्तर वर्षांनी शांतपणे पाहता वाटते की, गंगाधरभट्टांच्या काळी रान तोडणाऱ्यास जो कौल हवा होता, तोच कसणाऱ्यास पुष्कळ उशिरा मिळाला.

कर्व्यांचे घर

मुरूडच्या घरांचा वृत्तान्त महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावाचून पुरा होत नाही. अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी शेरवली येथे झाला, परंतु त्यांचे घर मुरूडचे. १८७५ साली हे मुरूडचे मूल परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसते म्हणून परीक्षेस न बसविता परत पाठविले गेले, ही हकीकत आम्ही शिक्षक लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलांस सांगत आलो. पुढे मुंबईस गेल्यावरही अण्णांनी गाव सोडले नाही. बाहेर गेलेल्या मंडळींनी आपल्या मिळकतीचा लहानसा अंश गावासाठी बाजूस काढावा, या विचाराने त्यांनी मुरूड फंडाची उभारणी केली. मूळ घरांनी एकमेकांशी जो करार केला होता, तोच दूर गेलेल्या मुलांनी पाळावा, असे त्यांचे म्हणणे होते असे मी समजतो.

आणि त्याच गावाने त्यांस बाहेर ठेवले. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ते मुरूडास गेले तेव्हा गावाची सभा भरली व त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्यांस घरी उतरवून घ्यावे तर त्यांच्या मातोश्री व थोरले बंधू यांच्यावरही तीच पाळी येणार, अशी स्थिती झाली. ज्या घराची जागा गावाने आखून दिली होती, त्या घराचे दार गावानेच मुलास बंद केले.

हा प्रसंग मी कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या सभेस बसलेले लोक दुष्ट नव्हते. ते पाण्याची पाळी पाळणारे, देवीच्या उत्सवास वर्गणी देणारे, शेजाऱ्याच्या मयतास धावून जाणारे गृहस्थ होते. आमचे पूर्वज त्या सभेस असते तर त्यांनीही बहुधा हात वर केला असता. नियमाने बांधलेल्या गावात माणसास आसरा मिळतो, हे त्या नियमांचे सामर्थ्य; आणि तोच नियम माणसाकडे पाहीनासा झाला म्हणजे काय होते, हे १८९३ साली मुरूडास दिसले. गावाची दोन्ही रूपे खरी आहेत. अभिमानाचे तेवढे छापावे आणि दुसरे झाकावे, हा इतिहास नव्हे.

गोदूबाई म्हणजे पुढील आनंदीबाई अथवा बाया कर्वे. त्यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात आपली हकीकत स्वतः सांगितली, म्हणून ती राहिली. परंतु आपल्या वंशावळी उघडून पाहा. त्यांत मुलींची नावे पुष्कळदा नाहीत. सुनांची आहेत ती सासरची. आणि ज्या विधवा आत्या व काकू मागीलदारच्या पडवीत जन्मभर राहिल्या, ज्यांनी तीन-तीन पिढ्यांची बाळंतपणे केली, पहाटे उठून सडे घातले, सुपारी सोलली आणि ज्यांच्या आधारावर घर चालले, त्यांची नावे तर कोठेच नाहीत. आमच्या घरी अशा एक आत्याआजी होत्या. त्या ऐंशी वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांचे माहेरचे नाव काय होते असे मी गेल्या वर्षी घरातील सर्व वडीलधाऱ्यांस विचारले. कोणासही सांगता आले नाही. माळ्यावरील पेटी भिजली त्यापेक्षा ही हानी मला अधिक मोठी वाटते, कारण येथे वादळावर दोष ढकलण्याचीही सोय नाही.

अण्णांनी मात्र गावाविषयी मनात अढी धरली नाही. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. एवढे झाल्यावर मनुष्य विसावतो. परंतु वयाच्या पंचाहत्तरीनंतर, १९३६ साली, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नाहीत तेथे शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापिले, आणि १९४४ साली समता संघ काढला. १९५८ साली त्यांस भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी ते निवर्तले. आज मुरूडास त्यांचे स्मारक आहे. ज्यास घरी उतरू दिले नाही त्याचे नाव आता गाव आदराने सांगते. गावे चुकतात, आणि गावे सुधारतातही. मुरूडच्या इतिहासातून घेण्यासारखा बोध असलाच तर तो हाच.

आपण काय करावे

आज किनाऱ्यावरील आपल्या गावांतून फिरावे तर कुलूप लावलेली घरे जागोजाग दिसतात. सातबाराच्या उताऱ्यावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस नावे. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी परदेशी. सर्वांच्या सह्यांवाचून मोडलेले आढेही बदलता येत नाही. सामायिक घर सर्वांचे म्हणून कोणाचेच राहिले नाही. घरे वाचविण्याचा उपाय माझ्यापाशी नाही, आणि शिक्षकाने आपल्या आवाक्याबाहेरचा उपदेश करू नये. परंतु घराचा इतिहास वाचविणे आपल्या हाती खचित आहे.

त्यासाठी संघाच्या सभासद कुटुंबांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. प्रत्येकाने आपल्या मूळ घराविषयी दोन पानांचे टिपण लिहावे. घर कोणत्या वाडीत, कोणत्या नावाने ओळखले जाई. ते कोणी बांधले व पुढे कोणी वाढविले. विहीर कोणाकोणांत सामायिक होती. आगरात व शेतात कोणती कुळे, कोणते गडी पिढ्यान्‌पिढ्या राबले. आणि त्या घरात जन्मलेल्या मुली, आलेल्या सुना व राहिलेल्या विधवा यांची माहेरची व सासरची दोन्ही नावे. मोडी कागद असतील तर ते कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडून वाचवून घ्यावेत. घरातील वृद्ध मंडळींपाशी बसून हे विचारण्यास आता फार दिवस हाती नाहीत. त्यांच्यापाशी बसताना आपले चूक ठरेल अशा गोष्टीही लिहून घ्याव्यात. त्या आधी हरवतात.

मंडलिकांना एक जुना कागद सापडला म्हणून मुरूडची हकीकत जगास कळली. बायांनी स्वतः लिहिले म्हणून त्यांचे जिणे कळले. आपल्या घरांविषयी असा कागद कोणी ठेवलेला नसेल, तर तो आपणच लिहिला पाहिजे. आमच्या घराचे टिपण मी लिहावयास घेतले आहे. त्यात आत्याआजींच्या माहेरच्या नावाची जागा सध्या कोरी ठेवली आहे. त्यांच्या माहेरच्या आप्तांपैकी कोणी ही स्मरणिका वाचीत असतील आणि त्यांच्या संग्रही ते नाव निघेल, तर ती जागा भरता येईल, या आशेने हा लेख येथे पुरा करतो.